फुगलेल्या दारावरचा पडदा

“मेली ही चुणी काही बसतच नाही. जुन्या कापडाचे नखरेच फार!”

सुमती स्टुलावर उभी होती. ओठांत टाचण्या धरलेल्या, आणि तोंड माझ्या इतकं जवळ की तिच्या चहातल्या आल्याचा वास मला येत होता. टाचण्या धरलेल्या तोंडाचं पुटपुटणं दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. मला कळलं, कारण नखरे माझेच होते.

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. भिवंडीला टेमघरात एका बैठ्या घराच्या मधल्या दारावर मी लटकतो. तुम्ही म्हणाल, पडद्याची कसली आली जीवनकथा? लटकायचं, धूळ खायची, दिवाळीच्या आधी धुऊन घ्यायचं. मलाही पुष्कळ दिवस असंच वाटत होतं. पण ज्यांनी मला लटकवलं त्यांनी माझ्याकडून काय काम करून घेतलं, ते ऐका, मग बोला.

माझा जन्म समोरच्याच लूमच्या शेडमधला. आमच्या गावात मुलांना अंगाईच्या आधी लूमची खटखट ऐकू येते, तिथं माझ्यासारख्या कापडाचं काय सांगावं! मी विणला जात होतो आणि मध्येच कुठंतरी गडबड झाली. माझ्या अंगावर एक आडवी रेघ उमटली. लूमवरचा कारागीर कपाळाला हात लावून म्हणाला, “अरे यार, फिर पट्टा पड़ गया!” झालं. माझी भावंडं गठ्ठ्यांत बांधून गाडीत चढली, आणि मी डागी माल म्हणून कोपऱ्यात पडलो.

तिथून मला भाऊंनी घरी नेलं. भाऊ म्हणजे या घरातले थोरले, शाळेत मास्तर. त्यांनी मला बायकोच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाले, “अनसूया, एवढी रेघ सोडली तर कापड झकास आहे. बघ, काही होतंय का.”

अनसूयावहिनींनी मला खिडकीशी धरून उजेडात पाहिलं. मग त्या रेघेवरच हिरव्या दोऱ्यानं वेल भरायला घेतला. साखळीटाक्याची देठं, मध्ये गाठीच्या टाक्याच्या कळ्या. दुपारची भांडी झाली की त्या मला मांडीवर घेऊन बसायच्या. रेघेच्या शेवटाशी आल्या आणि दोरा संपला. धाकटी जाऊ सुमती म्हणाली, “वहिनी, एवढंसं राहिलं की. आणू का दोरा बाजारातून?”

“राहू दे गं,” वहिनी म्हणाल्या, “त्याची त्याला आठवण राहील, आपण कुठून आलो त्याची.”

दोघी हसल्या. मीही हसलो असतो, पण पडद्याला हसायला वारा लागतो आणि मी अजून मांडीवरच होतो.

मग मला मधल्या दारावर लावलं. त्या दाराबद्दल थोडं सांगायला हवं. घर एकच, पण त्याला दोन तोंडं. पुढच्या खोल्या गल्लीकडे उघडायच्या. तिथं धाकटे भाऊ सुधीर, कचेरीत कारकून, त्यांची बायको सुमती आणि छोटी नीला राहायची. मागच्या दोन खोल्या विहिरीकडच्या, त्या भाऊंच्या आणि वहिनींच्या. मध्ये हे दार. चूल एकच होती आणि ती मागे होती, त्यामुळं दिवसभर माझ्यातून ये-जा चालायची. आमटीची पातेली जायची, वर्तमानपत्र जायचं, भांडणंसुद्धा माझ्यातूनच जायची आणि अर्ध्या तासात परत यायची. नीला मला अंगाभोवती गुंडाळून लपायची आणि आतून ओरडायची, “मोठीआई, मी इथं नाहीये!” वहिनी सगळं घर शोधल्याचं सोंग करायच्या. नाकही ती मलाच पुसायची. राग नव्हता हो. मागच्या खिडकीतून विहिरीवरचा वारा यायचा आणि माझं पोट टम्म फुगायचं. त्या वेळी कुणी मला विचारलं असतं की तू सुखी आहेस का, तर मी म्हटलं असतं, थांबा, आत्ता वेळ नाही, कुणीतरी येतंय.

भाऊ अचानक गेले. हृदयाचं दुखणं, एका सकाळी. त्यानंतर वहिनी बारीक होत गेल्या. आधी सगळे म्हणाले दुःखानं. मग खोकला लागला. मग संध्याकाळचा ताप. मग एकदा सुधीर त्यांना दवाखान्यात घेऊन गेले आणि एकटेच परत आले. वहिनींना गावाबाहेरच्या मोठ्या इस्पितळात ठेवून घेतलं होतं.

त्या दुखण्याचं नाव या घरात कुणी घेतलं नाही. म्हणायचे, “वहिनींना ते झालंय.” शेजारणींनी विचारलं तर, “तब्येत बरी नसते.” नीलानं विचारलं तर, “तू अभ्यास कर.” सुमतीचा पाठचा भाऊ माहेरी त्याच दुखण्यानं गेला होता. कोवळा पोर. त्याचं शेवटचं खोकणं तिनं शेजारच्या खोलीतून ऐकलं होतं. आणि त्याच पावसाळ्यात नीलाला खोकला झाला. साधाच होता, आल्याच्या काढ्यानं गेला. पण सुमती रात्रंदिवस तिच्या कपाळावर हात ठेवून बसलेली मी पाहिली आहे. म्हणून मी तिला वाईट म्हणत नाही. मी फक्त काय झालं ते सांगतो.

एका रविवारी तिनं मला दांडीवरून काढून खाटेवर टाकलं. मला वाटलं, धुणार. सुधीरनी दार ओढून घेतलं, हातोडी घेतली आणि चौकटीत खिळे ठोकायला सुरुवात केली. कारकुनाचा हात तो! अर्धे खिळे वाकले. सुमती म्हणत होती, “आणखी एक मारा. वर मारा.”

“अगं, वहिनी परत आल्या की काय सांगायचं?”

“सांगा, दार फुगलंय. पावसात सगळ्यांचीच फुगतात.”

मग मला पुन्हा दांडीवर चढवलं. खिळे दिसू नयेत म्हणून खाली थोडं ओढून घेतलं.

मित्रांनो, तेव्हा मला काही कळलं नाही. मी वाट बघत राहिलो, की आता पातेलं येईल, आता नीला येईल. कुणी आलं नाही. वारासुद्धा आला नाही. वारा नसला की पडदा कसा दिसतो, ठाऊक आहे? खुंटीवर वाळत घातलेल्या माणसासारखा.

वहिनी परत आल्या त्या पुढच्या पावसाळ्यात. बऱ्या होऊन. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की आता भीती नाही, यांच्यापासून कुणाला काही होणार नाही. त्यांनी मागून दार ढकललं. मला माझ्या पाठीवर तो धक्का कळला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा नाही.

सुधीर गल्लीतून वळसा घालून मागं गेले आणि म्हणाले, “वहिनी, दार फुगलंय. दसऱ्याला लाकूड सुकलं की सुतार बोलावतो.”

“बोलाव हो सावकाश,” वहिनी म्हणाल्या. “मला कुठं घाई आहे?”

मागच्या चुलीवर त्यांचा एकटीचा स्वयंपाक सुरू झाला. पुढं सुमतीनं दार ठोकलं तेव्हाच रॉकेलचा स्टोव्ह घेतला होता. चुली वेगळ्या झाल्या, पण झाल्या असं कुणी म्हटलं नाही. वहिनी कधी वळसा घालून पुढं आल्या तर दाराशीच टेकायच्या आणि त्यांच्या कपाला फुलांची नक्षी असायची. घरातल्या दुसऱ्या कुठल्याच कपाला तशी नक्षी नव्हती.

दसरा आला. तुम्हाला माहीतच आहे, आमच्याकडं ऑक्टोबरचं ऊन असं पडतं की पावसात फुगलेलं गल्लीतलं एकूण एक दार कुरकुरत मोकळं होतं. कपाटं उघडतात, पेट्या उघडतात, न्हाणीघराची कडी आपोआप पडते. फक्त आमचं मधलं दार फुगलेलंच. त्या वर्षी फुगलेलं, पुढच्या वर्षी फुगलेलं. नीला शाळेतून हायस्कुलात गेली, तरी फुगलेलंच. पुढंपुढं सुधीरना ते उघडावंसं वाटायला लागलं होतं, मी त्यांना हातोडी घेऊन माझ्यासमोर उभं राहिलेलं पाहिलंय. पण उघडायचं तर आधी बंद केलं होतं असं म्हणावं लागणार. ते हातोडी ठेवून द्यायचे आणि पंख्याला तेल घालायचे.

आणि सुमतीनं काय केलं? तिनं मला सजवायला घेतलं.

बायकांच्या मासिकात दरवर्षी येई, ‘शरद ऋतूत घराला द्या नवे रूप.’ एका वर्षी तिनं मला लेस लावली. एका वर्षी वर दांडी झाकायला लाकडी पेल्मेट आलं आणि मी एकदम साहेबाच्या घरचा दिसायला लागलो. मग एकदा मासिकात आलं की शरदात झाडांची पानं तांबूस, सोनेरी होऊन गळतात, तेव्हा घरातही तसेच रंग हवेत. मित्रांनो, टेमघरात शरदात पान गळत नाही. आंबा हिरवागार असतो. गळतो तो लूमचा कापूस, आणि तो पांढरा असतो. पण सुमतीनं मला बादलीत घालून विटकरी रंगात उकळलं. माझा साईचा रंग गेला. वहिनींचा हिरवा वेल काळपट पडला.

येणारेजाणारे म्हणायचे, “काय सुरेख पडदा हो! आणि किती निगा!” मी आधी फुशारायचो. कौतुक कुणाला नको असतं? मग हळूहळू लक्षात आलं, जेवढा मी सुंदर होत होतो तेवढं माझ्यामागं बघायचं कुणाला सुचत नव्हतं. दार झाकणं हे पडद्याचं कामच. पण इथं मला दारच नाही असं दाखवायला उभं केलं होतं. तेही कुणाविरुद्ध? ज्या बाईनं माझा डाग मांडीवर घेऊन भरला, तिच्याविरुद्ध. माझा एवढा विश्वासघात कात्रीनंही केला नव्हता. ती निदान सांगून कापते.

आता या वर्षीचं सांगतो. चौऱ्याण्णव साल. टेमघरच्या महिला मंडळानं ‘शरद गृहसजावट स्पर्धा’ काढली. दसऱ्यानंतर परीक्षक घरोघर येणार आणि कोजागिरीला दुधाबरोबर बक्षीस देणार. सुमती पेटून उठली. भिंतींना रंग झाला, उशांना अभ्रे झाले. सुधीर म्हणाले, “माझ्यावरही एखादा अभ्रा चढव.” नीला आता कॉलेजात होती. ती आईला म्हणाली, “आई, एवढं सगळं नवं करतेस, तर ते दार तेवढं...”

“फुगलंय ते,” सुमती म्हणाली. नीलानं चपला घातल्या आणि ती विहिरीकडच्या वाटेनं निघून गेली. रोजच जायची.

दसऱ्याला खारबावहून बुधी आली. तिथं घराचा शेताचा तुकडा आहे, तो ती आणि तिचा नवरा जिव्या करतात. दसऱ्याला ती ‘नवं’ घेऊन येते. म्हणजे नव्या भाताच्या लोंब्या, आंब्याची पानं, कुरडूची फुलं, सगळं एकत्र बांधलेलं. एका चुलीला एक नवं. ते दाराला बांधायचं आणि वर्षभर राहू द्यायचं. या घरातून दोन धूर निघायला लागल्यापासून ती दोन आणायची. एरवी दोन्हीकडं स्वतः जायची, पण यंदा तिच्या पायात काटा मोडला होता.

“बाय, ह्या तुजा न ह्या थोरल्या बायचा. तिला दे गं. माज्यानं आता चालवत न्हाय.”

“देते हो. चहा घे.”

“चा हाय तं दे. न साकर घाल बरी, गेल्या साली तू इसरलेलीस.”

बुधी चहा पिऊन गेली. सुमतीनं दोन्ही जुड्या हातात घेऊन पाहिल्या. पिवळ्याधमक लोंब्या, जड, खाली झुकलेल्या. तिची नजर मासिकाकडं गेली, मग माझ्याकडं. पितळेचे दोन उंच गडवे तिनं घासून काढले. एक माझ्या डाव्या अंगाला, एक उजव्या. दोन्हींत एकेक नवं. एकच ठेवलं असतं तर तोल गेला असता ना!

त्या संध्याकाळी वीज गेली. आमच्या गावात वीज गेली की एक गंमत होते. सगळ्या लूम एकदम थांबतात आणि इतकी शांतता होते की शेजारच्या घरातला उसासा ऐकू येतो. तेव्हा माझ्या पाठीमागून, लाकडाला तोंड लावल्यासारखा आवाज आला.

“सुमती, बुधी येऊन गेली का गं? माझं दार यंदा मोकळंच राहिलं.”

सुमती गडव्याशीच उभी होती. म्हणाली, “नाही हो वहिनी. नाही आली. पाऊस लांबलाय ना, भात उशिरा असेल.”

“असेल, असेल. तिचं बरं आहे ना, एवढंच.”

मित्रांनो, मी कापड आहे. पण त्या वेळी मला माझ्या अंगावरची ती एकूण एक चुणी टोचली.

दोन दिवसांनी परीक्षक आल्या. त्या सकाळीच सुमती स्टुलावर चढून मला टाचण्या लावत होती, ते सुरुवातीला सांगितलंच. परीक्षक दोघी. मंडळाच्या अध्यक्षीण पुतळाबाई, ज्यांना सगळंच आवडायचं, आणि शिवणक्लासच्या सीताबाई, ज्यांना काहीच आवडायचं नाही.

“अगंबाई, लोंब्या!” पुतळाबाई म्हणाल्या. “काय कल्पना! मला तर बाई सुचलंच नसतं. आम्ही आपलं दाराला बांधतो आणि चिमण्या खातात.”

“हं,” सीताबाई म्हणाल्या. त्या माझ्यापुढं येऊन थांबल्या. चष्मा पुसला. वेलावरून बोट फिरवलं. “रंग उकळून दिलाय. चूक केली. पण हे भरतकाम! असा गाठीचा टाका आता कुणी घालत नाही. कुणाचं काम?”

“घरचंच,” सुमती म्हणाली.

“तुमचं?”

“घरचंच आहे,” सुमती पुन्हा म्हणाली आणि पदरानं मान पुसली.

“उलट्या बाजूनं बघू. भरतकामाची खरी परीक्षा मागून,” असं म्हणून सीताबाईंनी मला खालून धरलं आणि भिंतीपासून सरळ बाजूला ओढलं.

त्याच क्षणाला वीज गेली. लूम थांबल्या.

त्यांनी माझी उलटी बाजू पाहिलीच नाही. त्या दाराकडं बघत होत्या. गंजून काळे झालेले, वाकलेले खिळे, चौकटीच्या दोन्ही बाजूंना, वरही. पुतळाबाईंना पहिल्यांदाच काही छान म्हणायला सुचेना.

“हे काय?” सीताबाईंनी विचारलं.

“दार फुगलंय,” सुमती म्हणाली. इतक्या वर्षांच्या सवयीनं ते आपोआप आलं.

“ऑक्टोबरात?”

सुधीर खुर्चीवरून उठले आणि पुन्हा बसले. नीला मोरीच्या दाराशी ओले हात तसेच धरून उभी होती.

मित्रांनो, पडद्याला तुमच्याकडून फार काही नको असतं. आम्हाला अधूनमधून धुवा, जपून उकळा, कडक उन्हात उलटे वाळत घाला. नवे आले की आम्हाला पायपुसणं केलं तरी आमची तक्रार नाही. फक्त एवढं बघा, की आम्हाला जिथं लावाल तिथून कुणीतरी येत-जात असावं. आणि सणाला घर सजवताना आधी आम्हाला बाजूला सारून मागं काय राहिलंय ते बघा. नव्या चुण्या मग घाला.

तर त्या शांततेत माझ्यामागून आवाज आला. वहिनींचा. त्यांनी सगळं ऐकलं होतं, आणि पाहुण्यांपुढं सुमतीची मान खाली जाऊ नये म्हणून त्या मोठ्यानं, अगदी हसऱ्या आवाजात बोलत होत्या.

“हो हो बाई, फुगतंच ते मेलं! या बाजूला ओल फार. सुमतीनं बिचारीनं किती सुतार आणले!”

सुमतीनं डाव्या गडव्यातलं नवं उचललं. लोंब्यांतून दोन-चार दाणे फरशीवर पडले. ती माझ्याजवळ आली, सीताबाईंच्या हातातून मला घेतलं, कपाळ दाराला टेकवलं. तिचा श्वास माझ्या वेलाला लागत होता.

“एकही नाही आणला, वहिनी,” ती म्हणाली. “दार कधी फुगलंच नव्हतं. तुम्हाला टीबी झाला, मी घाबरले, आणि हे खिळे मीच मारायला लावले.”